आधी मेज की आधी मेजवानी?

‘लॉनवर बुफे मांडलाय, वाढून घ्या’ हे वाक्य आता कुठल्याही लग्नात कानावर पडते. त्यातले पहिले दोन शब्द परके आणि पुढचे घरचे, असा सरळ हिशेब कोणीही करील. तो फार वेळ टिकत नाही, हीच यातली मौज.

बुफे हा मुळात जेवणाचा प्रकारच नव्हे, तो लाकूडसामानातला. जुन्या फ्रेंचमध्ये बाक, मेज, कपाट अशा अर्थांतून फिरत तो शेवटी भिंतीलगतच्या एका फडताळावर स्थिरावलेला दिसतो. घरातली चांदीची भांडी पाहुण्यांच्या नजरेत भरावीत म्हणून रचून ठेवायची ती जागा. अठराव्या शतकात शब्द इंग्रजीत उतरला तोही फडताळ म्हणूनच. पुढे त्यावर खाणे ठेवू लागले, मग उपाहाराच्या फळीला ते नाव मिळाले, आणि अखेरीस फळी गळून नुसते जेवण उरले. इंग्रजीत याच अक्षरांचा दुसरा एक शब्द आहे, त्याचा अर्थ थप्पड. दोघांचे नाते नाही, असे कोशकार म्हणतात. जिलबीच्या काउंटरसमोरची झुंबड त्यांनी पाहिलेली नसावी.

आता आपली मांडणी पाहा. जुन्या स्वयंपाकघरात पितळी डबे, तांबे, पातेली ज्या फळ्यांवर ओळीने चकाकत असत ती मांडणी. फ्रेंच बुफेचे मूळ काम नेमके हेच. मागे संस्कृत ‘मण्ड्’, म्हणजे सजवणे. मंडन, मंडित ही त्याचीच प्रजा, आणि मांडव ज्यापासून आला तो मंडपही त्याच कुळातला असावा. तेव्हा ‘बुफे मांडला’ म्हणणारा आचारी नकळत मांडणीच मांडत असतो. (आचारी हा शब्दही गमतीचा. मुळात आचार पाळणारा. सोवळ्याओवळ्यामुळे तो चुलीपाशी जाऊन बसला असावा.)

फ्रेंचांकडे फर्निचरने जेवणाला नाव दिले. फारसीत याच्या नेमके उलट घडलेले दिसते. मेजवानी हा शब्द आपण तिथून घेतला. हिंदी-उर्दूत यजमानाला अजून मेज़बान म्हणतात. मराठीत माणूस मागे पडला, जेवण राहिले. मेज म्हणजे टेबल, ‘बान’ म्हणजे राखणारा. हा ‘बान’ बागवानातला, दरवानातला. संस्कृत ‘पा’, म्हणजे रक्षण करणे, याचा इराणी भाऊ. पण टेबलाची राखण करणारा यजमान ही कल्पना जरा विचित्रच, शिवाय इराणातली जुनी रीत जमिनीवर सुफरा अंथरून भोवती जेवायला बसण्याची. गाठ सुटते ती अवेस्तात. तिथे ‘म्यझ्द’ म्हणजे देवाला वाहिलेले अन्न. मेजबान मूळचा त्या नैवेद्याचा धनी असावा, आणि ज्यावर नैवेद्य ठेवायचा त्या वस्तूला मेज हे नाव मागाहून मिळाले असावे. पारशी मंडळी जशनाच्या वेळी फळे वगैरे मांडतात, त्याला ती आजही म्यझ्दच म्हणतात.

याच म्यझ्दचे वैदिक भावंड ऋग्वेदात ‘मियेध’ या रूपाने भेटते, आणि अश्वमेधातला ‘मेध’ही त्याच घरचा मानतात. म्हणजे आमची साधी श्रीखंड-पुरीची मेजवानी अश्वमेधाची चुलतबहीण ठरते! आणि ती देणारा कोण? यजमान. ‘यज्’ धातूचे हे आत्मनेपदी रूप: स्वतःसाठी यज्ञ करणारा. मेजबान आणि यजमान या दोघांचे धातू वेगळे, भाषा वेगळ्या. पण दोघेही वेदीपासून निघाले आणि जेवणाच्या दारात ‘या, या’ करत उभे राहिले. मराठीतला यजमान तर तिथेही थांबला नाही, तो पुढे ‘आमचे यजमान’ होऊन नवरा झाला.

गोव्याच्या वाचकाने इथे हरकत घ्यावी. त्याचे मेज पोर्तुगीज ‘मेझा’पासून, आणि ते लॅटिन ‘मेन्सा’पासून. हरकत रास्त आहे. मराठीच्या दारात मेज दोन्ही वाटांनी आले असावे, एक उत्तरेकडून आणि एक समुद्राकडून. आणि उच्चार जवळचे म्हणून दोघांचे एक होऊन गेले.

मेज झाले, आता ते जिथे मांडतात ती बाग. फारसी ‘बाग़’च्या मागे जुन्या इराणीतला ‘बाग’ म्हणजे वाटा, हिस्सा. हाच संस्कृतातला ‘भाग’. जमिनीचा वाटून मिळालेला तुकडा, मग कुंपण घातलेला मळा, मग फुलबाग, असा त्याचा प्रवास झालेला दिसतो. अरबी अनेकवचनाचा ‘आत’ लागून ‘बागात’ झाले आणि त्याचे आपण बागाईत केले. ‘भाग’चा धातू ‘भज्’, वाटून देणे. त्याचे ‘भक्त’ हे रूप: वाटून दिलेले ते भक्त, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचे अन्न, म्हणून शिजवलेले तांदूळ. प्राकृतात ‘भत्त’, मराठीत भात. बाग आणि भात हे सख्खे नातलग, आणि बागेतल्या बुफेत दोघांची गाठ पडते. इंग्रजी ‘पार्टी’ तरी वेगळे काय सांगते? तीही फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या वाटणे, विभागणे या अर्थाच्या क्रियापदावर जाते. ‘गार्डन’ हे कुंपण घातलेल्या जागेचे नाव. संस्कृत ‘गृह’ आणि आपले घर त्याच्याच गोतातले असावे, असे भाषाशास्त्रज्ञ म्हणतात. घराबाहेर जेवायला म्हणून निघालेला माणूस शब्दाने घरातच राहतो.

उघड्या लॉनवर वारा ही मोठी अडचण. भांड्याखालची ज्योत फडफडते, रस्सा कोमट होतो, आणि केटररची पोरे कनात ओढून आडोसा करतात. ही कनात तुर्की ‘कनात’, पंख, यापासून आलेली दिसते. ज्या भांड्याखाली ती ज्योत असते त्या चाफिंग डिशमधले ‘चाफिंग’ हे फ्रेंच ‘तापवणे’ या क्रियापदाचे. मोटार हाकणारा शोफर तिथलाच, तो पूर्वी वाफेच्या यंत्राचा बंब पेटवायचा.

पंगतीबद्दल थोडक्यात. पंक्तीच्या पोटात ‘पंच’ आहे. ती मूळची पाचांची. वैदिक पंक्ती छंदात आठ अक्षरांचे पाच चरण असतात. मग ती कोणतीही ओळ झाली, आणि मग कोणाशेजारी कोणी बसावे याचे माप. पंक्तिपावन, अपांक्तेय हे शब्द मनुस्मृतीत आहेत, पंक्तिभेद अजून बोलण्यात आहे. बुफेवर कोणी कितीही नाके मुरडोत, त्याने निदान या शब्दांची अडचण संपवली. बुफेच्या रांगेत कोणी अपांक्तेय नसतो.

‘वाढणे’ मात्र पंगतीतून बुफेत जसेच्या तसे आले. संस्कृत ‘वृध्’ म्हणजे मोठे होणे. पण पालीत ‘वड्ढेति’ अन्न वाढण्याच्या अर्थानेही येतो, म्हणजे आपला हा अर्थ बराच जुना असावा. पूर्वी वाढपी वाढायचा, आता आपण वाढून घेतो. ताटाचे गोत्र बहुधा द्राविडी: कन्नडात ‘तट्टे’, तमिळमध्ये ‘तट्टु’. आणि पानाचे काय? केळीचे पान गेले, स्टील आले, तरी ‘पाने मांडा’ आणि ‘किती पाने झाली?’ चालूच राहिले. केटररने त्याच पानाची प्लेट केली आणि प्लेटमागे दर लावला.

बुफेला प्रतिशब्द म्हणून निमंत्रणपत्रिकांत ‘स्वरुचिभोजन’ छापतात. तो मला पटत नाही. रुची पंगतीतही आपलीच असते. फरक असतो तो वाढण्यात. त्यापेक्षा बुफे बरा. झाडाखालच्या जेवणाला आपल्याकडे वनभोजन आहे, कार्तिकातले आवळीभोजन आहे, शेतातल्या आगटीभोवतीची हुरडा पार्टी आहे. आपल्या हाताने वाढून घेण्याच्या जेवणाला मात्र जुना, एकशब्दी मराठी पर्याय माझ्या पाहण्यात नाही. खानदेशात, वऱ्हाडात किंवा तळकोकणात कोणाच्या आजीच्या तोंडी असा शब्द असेल, तर वाचकांनी तो जरूर कळवावा.