भिंगार

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराचे पूर्वेकडील उपनगर व छावणीची वस्ती. शहराच्या मध्यापासून सुमारे ३ किमी. अंतरावर, पाथर्डीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ते वसले आहे. शहर व भिंगार यांच्यामध्ये भुईकोट किल्ला आणि लष्कराची मोकळी जमीन आहे. भिंगार नाला पुढे सीना नदीला मिळतो. जुने गावठाण, त्याला चिकटलेला सदर बाजार, गवळीवाड्यासारख्या वस्त्या आणि या सगळ्याला वेढून असलेली फौजेची हद्द, अशी येथील रचना आहे. नगरकरांच्या बोलण्यात ‘भिंगार’ आणि ‘कॅम्प’ बहुधा एकाच अर्थाने येतात. पोलीस ठाण्याचे नावही ‘भिंगार कॅम्प’ असेच आहे. भिंगार महापालिकेच्या हद्दीत मोडत नाही. लगतची नागरदेवळे, वडारवाडी, दरेवाडी ही गावे वाढत वाढत त्याला येऊन भिडली आहेत.

बागेची लढाई

भिंगार वयाने शहराहून वडील आहे. जुन्नरकडे स्वतंत्र झालेल्या, निजामशाहीच्या संस्थापक मलिक अहमदाचा बंदोबस्त करण्यासाठी बहामनी दरबाराने जहांगीरखान या सरदारास मोठ्या फौजेनिशी धाडले. अहमदाने जेऊरचा घाट अडवला, तेव्हा खानाने तिसगावच्या वाटेने येऊन भिंगारजवळ तळ दिला. इतिहासकार फेरिश्त्याच्या वृत्तान्तानुसार खानाचे सरदार गाफील राहून मद्यपानात रमले. अहमदाने २८ मे १४९० रोजी अवचित छापा घालून तळ उधळला. जहांगीरखान व त्याचे अनेक सरदार मारले गेले. फेरिश्ता निजामशाहीच्या आश्रयाला वाढलेला आणि घटनेनंतर शतकभराने लिहिणारा, म्हणून मद्यपानाचा तपशील बेतानेच घ्यावा. विजयाच्या जागी अहमदाने बाग करविली. पुढे तेथेच किल्ला उभा राहिला. शहराची पायाभरणी १४९४ मधील. शहरासाठी हीच जागा का निवडली याविषयी कुत्र्याला पिटाळणाऱ्या सशाच्या गोष्टीपर्यंत अनेक कथा प्रसिद्ध आहेत. लढाई आणि पाणी ही कारणे जास्त पटतात.

निजामशाही वास्तू

भिंगारच्या बाजूची दमडी मशीद (सुमारे १५६७) आकाराने लहान, पण कोरीव कामात शहरातील बहुतेक मोठ्या मशिदींना मागे टाकणारी आहे. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनी रोजच्या मजुरीतून एकेक दमडी काढून ती बांधली, असे सांगतात. दर्शनी भागातील एकसंध मोठे दगड आणि त्यांवरील नाजूक नक्षी पाहता हातात हुन्नर असलेले पाथरवट येथे राबले हे नक्की; पैसा कोणाचा, हा प्रश्न उरतोच. एका सरदाराचे नावही बांधणारा म्हणून घेतले जाते.

फराहबाग ही छावणी परिसराच्या दक्षिण अंगाला असलेली अष्टकोनी महालाची वास्तू. मुर्तझा निजामशाहाच्या कारकीर्दीत, १५८३ मध्ये तिचे काम पुरे झाले. चोहोबाजूंनी तळे आणि मधोमध महाल अशी योजना होती. तळ्यासाठी दुरून पाणी आणले होते. आज तळे कोरडे आहे. पूर्वेच्या डोंगरावर लांबून दिसणारी आणि ‘चांदबिबीचा महाल’ या नावाने ओळखली जाणारी वास्तू प्रत्यक्षात सलाबतखानाची कबर आहे. भिंगारवरून जाणारे सहलीचे लोक तिला महालच म्हणतात.

औरंगजेबाचा मृत्यू

दक्षिणेतील पाव शतकाच्या मोहिमेनंतर थकलेला औरंगजेब १७०६ च्या आरंभी येथील छावणीत आला आणि पुढच्याच वर्षी येथे मरण पावला. काही ग्रंथांत मृत्यूची तारीख २० फेब्रुवारी १७०७, तर काहींत ३ मार्च १७०७ अशी आढळते. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत, फरक जुन्या व नव्या कालगणनेचा आहे. मुलगी झीनतुन्निसा त्या वेळी जवळ होती. माळव्याच्या वाटेवरून मागे फिरलेल्या शहजादा आझमशाहाने याच तळावर स्वतःची द्वाही फिरवली. शव खुलदाबादला नेऊन दफन केले. ज्या ठिकाणी ते काही काळ ठेवले होते तेथे आलमगीर दर्गा हे लहानसे आवार आहे. आतडी येथेच पुरली अशी समजूत आहे, तिला समकालीन आधार दिला जात नाही. भोवतालच्या वस्तीला आलमगीर हेच नाव पडले. शाहूराजे या छावणीत कैदेत होते; आझमशाहाबरोबर उत्तरेकडे नेले जात असताना त्यांची सुटका झाली, तेव्हा मराठ्यांच्या राजकारणाचे एक मोठे वळणही या तळापासून सुरू होते.

१८०३ ची मोहीम

किल्ला १७५९ मध्ये पेशव्यांकडे आणि १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांकडे गेला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीने ८ ऑगस्ट १८०३ रोजी शिड्या लावून नगरची पेठ घेतली. मग त्याने किल्ल्याभोवती फिरून जागा हेरली. १८८४ च्या इंग्रजी गॅझेटियरनुसार भिंगारचे देशमुख राघोराव बाबा यांनी ४,००० रुपये घेऊन पूर्वेच्या बाजूने मारा करण्याचा सल्ला दिला. १० तारखेस तोफा सुरू झाल्या, १२ तारखेस किल्ला पडला. ही नोंद ऐंशी वर्षांनंतरची आणि जिंकणाऱ्याच्या दप्तरातली आहे. देशमुखीच्या बाजूचा कागद तिच्यासमोर ठेवलेला नाही, त्यामुळे फितुरीचा शिक्का मारण्याची घाई अभ्यासकांनी करू नये. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तीनशेवर वर्षांच्या लष्करी इतिहासात भिंगारच्या रहिवाशाचे नाव म्हणून जे एक ठळकपणे पुढे येते ते हेच. बाकी सगळी नावे बाहेरून आलेल्यांची. किल्ल्याजवळच्या चिंचेच्या झाडाखाली वेलस्लीने जेवण घेतल्याची हकीकतही त्याच गॅझेटियरातील असून इंग्रजी प्रवाशांना ती फार आवडे.

छावणी

पेशवाईच्या अखेरीस, १८१७ मध्ये किल्ला कंपनीकडे कायमचा गेला आणि त्याच्या पूर्वेस कवायतीची मैदाने, बराकी, बंगले व दवाखाना असलेली छावणी वाढली. पलटण आली की तिच्यामागून दूधवाला, शिंपी, धोबी, खाटीक, कंत्राटदार येतात. सदर बाजार या रीतीने भरला. हातमागावर लुगडी विणण्याचा नगरचा जुना धंदा भिंगारातही चाले. छावणीच्या गिऱ्हाइकीने नवे धंदे आणले, मागाचा धंदा मात्र कालांतराने मागे पडला.

बंदी ठेवण्याची जागा म्हणूनही या परिसराची ख्याती होती. बोअर युद्धातील कैदी येथे आणले गेले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातील जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांसाठी येथे मोठी नजरकैद छावणी होती. व्यापाऱ्यांबरोबर मिशनरीही तिच्यात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी गिर्यारोहक हाइनरिश हारर याला आधी येथे, मग देवळालीस आणि नंतर डेहराडूनला ठेवले होते. ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य किल्ल्यात स्थानबद्ध होते. त्यांत नेहरू, पटेल, आझाद यांच्याबरोबर महाराष्ट्रातील शंकरराव देव होते. किल्ल्याच्या तटाबाहेर काय चालले आहे ते त्यांना दिसत नसे, आणि आत कोण आहे याची भिंगारच्या बाजारात बरेच दिवस कुजबुजच होती, असे मानण्यास हरकत नाही. स्थानबद्धांचा ठावठिकाणा सरकारने गुप्त ठेवला होता.

ब्रिटिश-आयरिश विनोदकार व लेखक स्पाइक मिलिगन याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, फौजी बापाच्या घरी झाला.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये चिलखती दलाच्या निरनिराळ्या संस्था एकत्र करून येथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल स्थापन झाले. पुढे मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्रही आले. फेब्रुवारी १९९४ मध्ये जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात चर्चिल, मटिल्डा, सेंच्युरियन, विजयंता यांच्याशेजारी १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन उभा आहे. रोल्स-रॉइस चिलखती मोटार हे तेथील सर्वांत जुन्या वस्तूंपैकी एक. रणगाड्यांचा गोळीबार सराव खारे-कर्जुने परिसरात (के. के. रेंज) चालतो.

कारभार

भिंगारचा नागरी कारभार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील छावणी परिषद पाहते. स्टेशन कमांडर हा पदसिद्ध अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी केंद्रीय सेवेतला आणि उपाध्यक्ष लोकांनी निवडलेल्या सदस्यांमधून, अशी छावणी कायदा २००६ ची रचना आहे. घराला मजला चढवायचा, भिंत पाडायची, जमीन नावावर करायची, तर शहरातल्यापेक्षा निराळ्या कायद्याचे आणि निराळ्या नोंदवहीचे काम पडते. महापालिकेच्या हद्दीतला शेजारी ज्या राज्य योजना घरबसल्या मागतो, त्यांतील काही येथे लागू व्हायला वेळ लागतो. वस्तू व सेवा कर आल्यावर (२०१७) छावण्यांचे जकातीसारखे उत्पन्न आटले. देशभरातील छावण्यांच्या लोकनियुक्त मंडळांच्या मुदती सरल्यावर निवडणुका लांबत गेल्या. हिमाचल प्रदेशातील खास योल येथील छावणी २०२३ मध्ये बरखास्त झाल्यापासून नागरी वस्त्या छावणीतून वगळण्याचा विषय भिंगारातही तापला आहे. भिंगार महापालिकेत जावे, की स्वतंत्र नगरपालिका व्हावी, यावर गावात एकमत नाही. नागरदेवळे, वडारवाडी व बाराबाभळी यांची मिळून नगरपरिषद करण्याचा प्रस्तावही याच सुमारास गाजला.

लोकजीवन व संस्था

वस्ती हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती अशी मिश्र आहे. शुक्लेश्वर हे गावातील जुने शिवस्थान. भिंगार हायस्कूल व भिंगार अर्बन सहकारी बँक या गावाच्या नावाने चालणाऱ्या संस्था आहेत.

वाहतूक

राष्ट्रीय महामार्ग क्र. ६१ भिंगारमधून जातो. जवळचे रेल्वेस्थानक अहिल्यानगर.