कापडाची बाळंतीण

१/
फ्रान्समधील रुआँ शहराच्या एका संग्रहालयात अठराव्या शतकातील एक विलक्षण बाहुली जपून ठेवली आहे. तिला डोके नाही, हात नाहीत. आहे तो केवळ पोटापासून मांड्यांपर्यंतचा, कापड आणि चामड्याचा स्त्रीदेह. सोबत कापडाचेच मूल. अशाच बाहुल्यांवर हजारो खेडूत स्त्रिया सुईणपण शिकल्या.

२/
ही बाहुली घडवणारी स्त्री स्वतःही सुईण होती. तिचे नाव अँजेलिक द्यु कुद्रे. १७१२ च्या सुमारास जन्मलेल्या अँजेलिकने पॅरिसमध्ये अनुभवी सुईणीच्या हाताखाली उमेदवारी केली आणि १७४० मध्ये तिला व्यवसायाचा परवाना मिळाला.

३/
तो काळ सुइणींसाठी कसोटीचा होता. पुरुष शल्यविशारद प्रसूतीच्या क्षेत्रात शिरत होते आणि सुइणींना शिकवण्याचे मात्र टाळत होते. १७४५ मध्ये पॅरिसच्या चाळीस सुइणींनी याविरुद्ध अर्ज केला. त्यांत द्यु कुद्रेही होती. मागणी साधी होती : आम्हांला शिक्षण द्या.

४/
पुढे ती ओव्हेर्न्य या डोंगराळ प्रांतात गेली. तेथील खेड्यांत सुईण निवडताना कौशल्यापेक्षा चारित्र्य आणि धर्मनिष्ठा पाहिली जाई. कारणही होते : जन्मतःच मरू घातलेल्या अर्भकाला बाप्तिस्मा देण्याची वेळ बहुधा सुईणीवरच येई. हाताचे कसब मात्र केवळ अनुभवाने येई, आणि त्या अनुभवाची किंमत बाळंतिणी व मुले मोजत.

५/
शिकवायचे कसे, हा खरा प्रश्न होता. बहुतेक विद्यार्थिनींना अक्षरओळख नव्हती. ग्रंथ आणि शरीररचनेची व्याख्याने त्यांच्या उपयोगाची नव्हती. द्यु कुद्रेने ओळखले की, जी विद्या बोटांनी वापरायची ती बोटांनीच शिकवली पाहिजे. यातून १७५० च्या दशकात तिचे ‘यंत्र’ जन्माला आले. त्या बाहुलीला ती यंत्रच म्हणत असे.

६/
यंत्रात गर्भाशय, नाळ, वार असे सारे अवयव कापडात शिवलेले होते. दोऱ्या ओढून प्रसूतिमार्ग सैल वा घट्ट करता येई. पाणी व रक्त यांची जागा रंगीत द्रव घेत. जुळी मुलेही होती. रुआँच्या बाहुलीची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा आत खऱ्या माणसाच्या कटीची हाडे आढळली.

७/
कापडी मुलाचे तोंड उघडे होते, त्यात बोट जाईल असे. ही काही हौस नव्हती. पायाळू मुलाचे धड बाहेर आल्यावर डोके अडकते. तेव्हा तोंडात बोट घालून हनुवटी छातीकडे झुकवावी लागते. ही हालचाल विद्यार्थिनी बाहुलीवर पुन्हा पुन्हा करीत. येथे चूक झाली तरी कोणाचा जीव जात नसे.

८/
राजसत्तेला यात रस का वाटला? देशाची लोकसंख्या घटत आहे, अशी भीती फ्रान्सच्या राज्यकर्त्यांना वाटत होती. युद्धही चालू होते. प्रत्यक्षात लोकसंख्या वाढत होती. पण या चुकीच्या समजुतीतून एक चांगले काम झाले. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने द्यु कुद्रेला देशभर शिकवण्याची सनद दिली. त्याच वर्षी तिचा ग्रंथ निघाला. १७६७ च्या दुसऱ्या सनदेने तिला वर्षाला ८,००० लिव्र वेतन ठरवून दिले.

९/
पहिल्या सनदेनंतर दोन दशकांहून अधिक काळ ती यंत्रे घेऊन गावोगाव फिरली. अभ्यासक्रम सुमारे दोन महिन्यांचा असे. तिने शिकवलेल्या स्त्रियांची संख्या चार ते पाच हजारांच्या घरात असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

१०/
तिची शिकवण केवळ हाताच्या कसबापुरती नव्हती. कळा सोसणाऱ्या स्त्रीला मायेने धीर द्यावा, चेहरा प्रसन्न ठेवावा, तिच्यासमोर कानात कुजबुजू नये, असे तिने लिहून ठेवले. कुजबुज ऐकली की बाळंतिणीच्या मनात भय शिरते, हे तिला ठाऊक होते.

११/
या कार्याला दुसरी बाजूही आहे. प्रमाणपत्र घेऊन परतलेल्या तरुण सुइणीवर गावाचा सहज विश्वास बसत नसे. जुन्या सुईणीचे घर-घराशी नाते असे आणि तिचे अनुभवाचे ज्ञान आता ‘अज्ञान’ ठरवले जात होते. शिवाय द्यु कुद्रे पुढच्या गावी गेल्यावर यंत्रावर शिकवण्याचे काम तिने तयार केलेल्या शल्यविशारदांकडे जाई. एका स्त्रीने घडवलेली विद्या अशा रीतीने पुरुषांच्या हाती जाऊ लागली.

१२/
तरीही तिचा धागा तुटला नाही. तिच्याकडेच शिकलेली तिची भाची मादाम कुतान्सो हिने बोर्दो शहरात सुइणींचे शिक्षण पुढे चालवले. १७९४ मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, द्यु कुद्रेचे बोर्दो येथेच निधन झाले. ज्या राजघराण्याने तिला सनद दिली, ते तोवर संपले होते. खेड्यापाड्यांतल्या सुइणींच्या बोटांत तिची विद्या मात्र जिवंत होती.