निलगिरीची लोकसंस्कृती
निलगिरीची लोकसंस्कृती : तमिळनाडू राज्याच्या वायव्य भागातील निलगिरी पठारावर तोडा, कोटा, कुरुंब, इरुळ व बडग या समाजांच्या परस्परसंबंधांतून घडत आलेली जीवनपद्धती. पश्चिम घाट व पूर्व घाट जेथे एकत्र येतात, तेथे हे सु. २,००० मी. उंचीचे पठार असून दोड्डबेट्टा (२,६३७ मी.) हे त्यावरील सर्वोच्च शिखर होय. विस्तीर्ण गवताळ माळ आणि ओढ्यांकाठच्या घळींतून वाढणारी ‘शोला’ नावाची सदाहरित वने हे येथील मूळ निसर्गाचे वैशिष्ट्य. कारवीच्या प्रजातीतील कुरिंजी ही वनस्पती येथे बारा वर्षांतून एकदा निळ्याजांभळ्या फुलांनी बहरते.

या प्रदेशाचा ‘शोध’ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी लावला, असे सामान्यतः सांगितले जाते. परंतु होयसळ राजा विष्णुवर्धन याच्या पुणिस नावाच्या सेनानीच्या १११७ मधील शिलालेखात तोडांचा व निलगिरीचा उल्लेख आहे. १६०३ मध्ये फिनिसिओ हा जेझुइट धर्मोपदेशक मलबारमधून पठारावर गेला. तेथे पुरातन ख्रिस्ती समाज राहतो, अशी वदंता त्याच्या कानी आली होती. त्याला भेटले ते म्हशी पाळणारे तोडा आणि शेती करणारे बडग. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर १७९९ मध्ये हा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. कोईमतूरचा जिल्हाधिकारी जॉन सलिव्हन १८१९ मध्ये पठारावर पोहोचला व थोड्याच वर्षांत उटकमंड (उदगमंडलम्) हे थंड हवेचे ठिकाण वसले. तात्पर्य, बाहेरच्यांनी या डोंगराची वाट शोधली. तेथील संस्कृती त्यापूर्वीच नांदत होती.

या संस्कृतीचा पाया श्रमविभाग व देवाणघेवाण हा होता. तोडा पशुपालक, ते दूध व तूप देत. सात गावांतून राहणारे कोटा हे लोहार, कुंभार, सुतार व वादक. मातीची भांडी त्यांच्या स्त्रिया घडवीत. विजयनगरच्या ऱ्हासानंतर म्हैसूरच्या पठारावरून आलेले बडग शेतकरी असून त्यांच्या नावाचा अर्थच ‘उत्तरेकडील’ असा आहे. ते इतरांना धान्य पुरवीत. उतारावरील वनांतून राहणारे कुरुंब मध व वनोपज आणीत आणि मांत्रिक म्हणूनही त्यांचा दबदबा असे. हे व्यवहार पैशाविना, ठराविक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत. तोडांच्या अंत्यविधीत कोटांनी वाद्ये वाजवावीत व बळी दिलेल्या म्हशी घेऊन जाव्यात, तसेच बडगांच्या शेतात पेरणीचा आरंभ कुरुंबाने करावा, असा प्रघात होता. मात्र या व्यवस्थेत भयाचाही अंश होता. जादूटोण्याच्या संशयावरून कुरुंबांच्या हत्या झाल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकात सापडतात.

तोडांचा धर्म म्हशीभोवती केंद्रित आहे. पवित्र म्हशींच्या दुधासाठी स्वतंत्र दुग्धमंदिरे असून तेथील पुजारी हाच दोहन व मंथन करतो. अर्धनळाकृती छपराची घरे व मंदिरे, स्त्रियांनी लाल व काळ्या धाग्यांनी भरलेली ‘पुतुकुळी’ ही पांघरण्याची शाल आणि दुहेरी ओळींत रचलेली गीते ही त्यांची खास निर्मिती. त्यांच्यात पूर्वी बंधुबहुपतित्वाची चाल होती. गर्भारपणात धनुष्यबाण देण्याच्या विधीने अपत्याचे सामाजिक पितृत्व निश्चित होई.

अशा वेगळेपणामुळे तोडांविषयी पाश्चात्त्यांत अनेक कल्पना प्रसृत झाल्या. ते इझ्राएलच्या हरवलेल्या टोळ्यांपैकी असावेत, असाही तर्क करण्यात आला. डब्ल्यू. एच्. आर्. रिव्हर्स याने १९०१–०२ मध्ये क्षेत्रीय अभ्यास करून वंशावळींच्या आधारे लिहिलेला द तोडाज (१९०६) हा ग्रंथ मानवशास्त्रात महत्त्वाचा ठरला. मरी बी. एमेनो याने १९३५–३८ या काळात तोडा व कोटा भाषांचा अभ्यास केला. त्या दक्षिण द्राविडी गटातील भाषा होत, हे त्यातून सिद्ध झाले. एकाकी व लयाला चाललेली जमात म्हणून ज्यांचे वर्णन होत असे, ते तोडा भाषेने दक्षिण भारताशी व व्यवहाराने शेजाऱ्यांशी निगडित होते.

खरा आघात झाला तो भूमीवर. तोडांचा जमिनीवरील हक्क मान्य व्हावा, अशी सलिव्हनची भूमिका होती. शासनाने मात्र त्यांना चराईपुरता हक्क मानला. पुढे निलगिरी (यूकॅलिप्टस) व वॉटल या परदेशी वृक्षांची लागवड, सिंकोना व चहाचे मळे, बटाट्याची शेती आणि वसाहती यांनी गवताळ माळ व्यापले. महाराष्ट्रात ‘निलगिरी’ या नावाने परिचित असलेला यूकॅलिप्टस वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियाचा आहे, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. बाजारातील लोखंडी व धातूंच्या वस्तूंमुळे कोटांच्या कारागिरीची मागणी घटली. १९३० नंतर बडगांतील सुधारणावाद्यांनी कोटांचे वादन नाकारले. त्यावरून बडगांतच तट पडले, असे डेव्हिड मँडेलबॉम याने नोंदविले आहे. जुनी देवाणघेवाण अशा रीतीने मोडत गेली.

तथापि संस्कृती लोपली नाही. १९०१ च्या सुमारास सु. ८०० असलेली तोडांची संख्या २०११ च्या जनगणनेत सु. २,००० झाली. तोडांची सर्वोच्च दुग्धमंदिरे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओस पडली. पण इतर दुग्धमंदिरांची गवती छपरे सामुदायिक श्रमाने नव्याने शाकारली जातात. त्यांच्या भरतकामाला २०१३ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. कोटांचा वार्षिक देवोत्सव वाद्य व नृत्यासह होतो. चहा-उत्पादक झालेले बडग हेत्ताई या आदिमातेचा उत्सव पाळतात. निलगिरी हे १९८६ मध्ये भारतातील पहिले जीवावरण राखीव क्षेत्र ठरले, तर वननिवासींच्या हक्कांना २००६ च्या कायद्याने मान्यता दिली. गवताळ माळाविना म्हशी नाहीत आणि म्हशींविना दुग्धमंदिरातील विधी नाहीत. त्यामुळे तेथे माळांचे रक्षण व परंपरांचे रक्षण हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत.