पॅरामिशियममधला तारा: दिसणं आणि कळणं यांतली जवळपास दोनशे वर्षं

पीएचडीच्या पहिल्या वर्षी समितीसमोर प्रेझेंटेशन होतं. मी पॅरामिशियमचा एक छान व्हिडिओ लावला. पेशीच्या दोन टोकांना दोन गोल पिशव्या, भोवती ताऱ्याच्या किरणांसारख्या नळ्या. पिशवी भरते, आकसते, नाहीशी होते, पुन्हा भरते. खाली मी वाक्य टाकलं होतं: "संकोचशील रिक्तिका पेशीतले जादा पाणी बाहेर टाकते, हे यावरून सिद्ध होते."

समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "व्हिडिओत पिशवी भरताना आणि रिकामी होताना दिसतेय. त्यात पाणी आहे, आणि ते जादा आहे, हे कशावरून म्हणता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकरावीच्या पुस्तकात वाचलं होतं, एवढंच. त्या दिवसानंतर मी या रिक्तिकेचा इतिहास वाचायला घेतला. संशोधनात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं तो एकदा वाचावा असं मला वाटतं, म्हणून ही पोस्ट.

आधी प्रश्न काय आहे ते पाहू. गोड्या पाण्यात क्षार अगदी कमी असतात, पेशीत मात्र बरेच जास्त. त्यामुळे परासरणानं पाणी सतत आत येत राहतं. मनुका पाण्यात टाकली की फुगते, तसंच. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भक्कम भित्तिका असते, ती फुगण्याला आवर घालते. अमीबा किंवा पॅरामिशियमला तशी भित्तिका नाही. मग ते फुटत का नाहीत?

आज हा प्रश्न सोपा वाटतो. पण ज्यांनी ही रिक्तिका आधी पाहिली, त्यांच्यासमोर हा प्रश्नच नव्हता. इटलीच्या लाझारो स्पालान्झानींनी 1776 मध्ये या ताऱ्यासारख्या अवयवाचं आणि त्याच्या ठोक्यांचं वर्णन केलं. लयीत आकसणं-फुगणं पाहून त्यांना ते श्वसनाचं काम वाटलं. निरीक्षण चोख होतं, अर्थ मात्र मोठ्या प्राण्यांकडून उसना घेतलेला.

पुढे जर्मनीचे एरेनबर्ग आले. 1838 च्या त्यांच्या प्रचंड ग्रंथाचं म्हणणं असं, की हे सूक्ष्मजीव म्हणजे लहान आकारातले 'परिपूर्ण' प्राणीच. एकदा हे धरलं की प्रत्येक ठिपक्याला अवयव ठरवणं आलं. अन्नाच्या रिक्तिका त्यांना जठरं वाटली आणि संकोचशील रिक्तिका नराच्या प्रजनन संस्थेचा भाग. फ्रान्सच्या द्युजार्दँ यांनी याला विरोध केला. ही जठरं नव्हेत, जीवद्रव्यातल्या नुसत्या पोकळ्या आहेत, असं ते म्हणाले. 'व्हॅक्युओल' हा शब्द इथूनच रुळला. नाव साधं ठेवलं, कामाचा दावा नावात कोंबला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पाण्याचा मुद्दा ठळकपणे मांडला मार्कस हार्टोग यांनी, 1888 मध्ये. त्यांनी नवी सूक्ष्मदर्शी आणली नाही, तुलना केली. गोड्या पाण्यातल्या भित्तिका नसलेल्या पेशींत ही रिक्तिका दिसते. शैवालांच्या पोहणाऱ्या बीजाणूंतही ती असते, आणि भोवती भित्तिका तयार झाली की ती जाते. म्हणजे ही रिक्तिका प्राणी की वनस्पती यावर ठरत नाही, उघड्या पेशीला गोडं पाणी लागतं का यावर ठरते.

पण तुलना म्हणजे पुरावा नव्हे. कोणीतरी पाणी बदलून पाहायला हवं होतं. 1910 मध्ये मार्गारेट झ्युल्झर यांनी गोड्या पाण्यातल्या अमीबांना हळूहळू समुद्राच्या पाण्याची सवय लावली, आणि त्यांची रिक्तिका नाहीशी झाली. या बाईंचं नाव आपल्या पुस्तकांत सहसा येत नाही. ज्यू असल्यामुळे नाझी काळात त्यांची नोकरी गेली आणि 1943 मध्ये नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क छावणीत त्यांचा मृत्यू झाला.

'रिक्तिका म्हणजे पेशीचं मूत्रपिंड, ती युरिया टाकते' ही कल्पनाही जोरात होती. 1920 च्या दशकात वेदरबी यांनी रिक्तिकेतला द्रव तपासला. त्यात युरिया सापडला, पण पेशी एकूण जितका टाकते त्याच्या मानानं नगण्य.

1930 च्या दशकात इंग्लंडच्या जे. ए. किचिंग यांनी मोजमाप हाती घेतलं. गोड्या पाण्यातले काही पक्ष्माभिकी जीव तासाभराच्या आत स्वतःच्या आकारमानाइतकं पाणी बाहेर टाकतात, समुद्रातल्यांना कित्येक तास लागतात. मग त्यांनी सायनाइड देऊन रिक्तिका थांबवली. पेशी फुगली. सायनाइड धुऊन काढल्यावर रिक्तिका परत सुरू झाली.

तुम्ही म्हणाल, सायनाइड तर पेशीतलं बरंच काही बंद पाडतं! अगदी रास्त शंका आहे. म्हणूनच एका प्रयोगावर काम भागलं नाही. 1963 मध्ये बोडिल श्मिट-निल्सेन आणि सहकाऱ्यानं काचेच्या अतिसूक्ष्म सुईनं अमीबाच्या रिक्तिकेतला द्रव काढून मोजला. तो पेशीद्रव्याच्या निम्म्याहून कमी संहत निघाला. म्हणजे पेशी क्षार बऱ्यापैकी राखून पाणी वेगळं काढत होती. 1993 मध्ये जॉन ह्यूझर आणि सहकाऱ्यांनी डिक्टिओस्टेलियममध्ये दाखवलं, की या रिक्तिकेचं पटल प्रोटॉन पंपांनी खच्चून भरलेलं असतं. पाणी थेट ढकलणारा पंप तिथे नाही. ऊर्जा खर्चून आयन हलवले जातात आणि पाणी त्यांच्यामागे जातं, असं आजचं चित्र आहे.

आता हा क्रम पुन्हा बघा: वर्णन, तुलना, परिस्थिती बदलणं, यंत्रणा थांबवणं, आतला द्रव मोजणं, मग रेणू शोधणं. माझा व्हिडिओ यातल्या पहिल्या पायरीवर, म्हणजे 1776 मध्ये उभा होता, आणि खालचं वाक्य मी 1963 नंतरचं लिहिलं होतं.

सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक आकृतीखालच्या वाक्याला एक प्रश्न विचारा: मी काय केलं असतं, तर हे वाक्य चुकीचं ठरू शकलं असतं? उत्तर सुचलं, तर तोच तुमचा पुढचा प्रयोग. नाही सुचलं, तर वाक्य बदला. माझ्या स्लाइडवर आता एवढंच आहे: "रिक्तिका ठराविक लयीत भरते व रिकामी होते. माध्यमाची संहती वाढवल्यास लय मंदावते का, हे तपासायचे आहे."