आसन हें इतिहासाचें साधन : अजिंठ्याच्या भद्रासनापासून माणिकबागेच्या खुर्चीपर्यंत

खुर्ची ही बसण्याची वस्तु. तिला कलाकृति मानून वस्तुसंग्रहालयांत मांडावें, ही कल्पना पाश्चात्त्य व अगदीं अलीकडची आहे, असें पुष्कळांस वाटतें. जर्मनींतील वाइल अॅम ऱ्हाइन या गांवीं १९८९ सालीं उघडलेल्या व्हिट्रा संग्रहालयांत खुर्च्यांना अग्रस्थान आहे, हें ऐकून आमच्याकडील विद्वानांसहि कौतुकमिश्रित हंसूं येतें. या समजुतीचा विचार आम्ही येथें छत्रपति संभाजीनगरच्या आसपास उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून करणार आहों.

प्रथम शब्दाचा विचार करूं. ‘खुर्ची’ हा शब्द मूळ अरबी ‘कुर्सी’. तो फारसीच्या द्वारें मराठींत आला. परंतु शब्द परका म्हणून वस्तुहि परकी, हें अनुमान टिकत नाहीं. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडांत देव व्रात्यासाठीं ‘आसन्दी’ आणतात. तिचे चार पाय म्हणजे चार ऋतु, उभ्याआडव्या पट्ट्या म्हणजे सामें, विणीचे धागे म्हणजे ऋचा व यजुर्मंत्र, आणि पाठ टेकण्याचा भाग म्हणजे उद्गीथ, असें तेथें रूपक आहे. रूपक बाजूस ठेविलें तरी पाय, पट्ट्या, वीण, आंथरूण, उशी व पाठ हे सर्व अवयव ऋषीस स्वतंत्र नांवांनीं ठाऊक होते, एवढें निश्चित उरतें. पुढें सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत शय्या व आसनें यांवर स्वतंत्र अध्यायच लिहिला. साग, शिसवी, देवदार, चंदन इत्यादि लांकडें त्यांत ग्राह्य ठरविलीं असून, वीज पडलेलें किंवा हत्तीनें मोडलेलें झाड वर्ज्य सांगितलें आहे. ज्या वस्तूच्या लांकडाविषयीं शास्त्रकार इतका काटेकोर आहे, ती वस्तु केवळ उपयोगाची समजली जात होती असें म्हणवत नाहीं.

आतां लेण्यांकडे वळूं. पाय खालीं सोडून उच्चासनावर बसलेल्या बुद्धमूर्तीच्या बैठकीस मूर्तिशास्त्रांत प्रलंबपादासन अथवा भद्रासन म्हणतात. इंग्रज लेखकांनीं हिला ‘युरोपीय पद्धतीची बैठक’ असें नांव दिलें, तें अनैतिहासिक होय. अजिंठ्याचें सोळावें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोरविलें. त्यांतील मुख्य मूर्ति अशीच बसलेली आहे. सव्विसाव्या लेण्यांत स्तूपाच्या दर्शनी भागीं हीच बैठक दिसते. भिक्षु बुद्धभद्र यानें अश्मकराजाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ तें लेणें करविलें, असें तेथील लेखावरून कळतें.

या काळच्या अनेक मूर्तींच्या आसनांस पाठीमागें आडवी दांडी, दांडीच्या टोकांशीं मकरमुखें व बाजूंस उसळणारे व्याल असा साज असतो. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मूर्ति डोंगराच्या अखंड पाषाणांतून काढलेली असल्यामुळें तिला टेकण्यास दांडीची कांहींच गरज नव्हती. तरीहि शिल्पकारानें ती श्रमपूर्वक कोरली. याचा अर्थ, त्याच्या डोळ्यांसमोर सुतारानें घडविलेलें खरें आसन होतें आणि तें आसन स्वतःच पाहण्याजोगें होतें, असाच आम्ही करतों. वेरूळच्या दहाव्या लेण्यास लोक ‘सुताराची झोंपडी’ म्हणतात. तेथील छताच्या दगडी फांसळ्या लांकडी वाशांची नक्कल आहेत, आणि सुमारें पंधरा फूट उंचीच्या आसनस्थ मूर्तीस विश्वकर्मा समजून सुतार मंडळी तिला भजत असत. मूर्तीची ओळख चुकली; पण कसबाची ओळख चुकली नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, महत्त्व बसणाऱ्याचें आहे, आसनाचें नव्हे. हा आक्षेप अंशतः खरा आहे. औरंगाबाद लेण्यांपैकीं तिसऱ्या लेण्यांत बुद्धासमोर गुडघे टेकलेल्या स्त्रीपुरुष उपासकांचे दोन समूह कोरलेले आहेत. उंच कोण बसला हें जमिनीवर कोण बसलें आहे त्यावरून कळतें. एकट्या आसनावरून कळत नाहीं. परंतु उलटहि तितकेंच खरें आहे. मथुरेच्या संग्रहालयांतील कुषाण राजाच्या आसनस्थ पुतळ्याचें मस्तक नाहींसें झालें आहे. तरी सिंहासन व त्यावरील लेख शिल्लक राहिल्यामुळें तो राजा वेम होय हें सांगतां येतें. म्हणजे आसन आणि त्याची नोंद मिळून पुरावा होतो.

याच कसोटीवर अर्वाचीन उदाहरण पाहूं. ज्या होळकर घराण्यांतील अहिल्याबाईंनीं अठराव्या शतकांत वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, त्याच घराण्यांतील महाराज यशवंतराव दुसरे (१९०८–१९६१) यांनीं १९३० च्या सुमारास इंदुरास माणिकबाग हा प्रासाद जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसिउस याजकडून सजविला. ल कोर्ब्युझिए, शार्लोत पेरियां, आयलीन ग्रे, रूलमान इत्यादिकांच्या योजनेचीं आसनें तेथें आलीं. तीं कांचेआड ठेवण्यासाठीं नव्हतीं. नव्या पद्धतीनें राहूं इच्छिणाऱ्या तरुण मराठा राजानें वापरण्यासाठीं मागविलीं होतीं. १९८० सालीं मोनाको येथें सदबी या पेढीनें त्यांचा लिलाव केला आणि संग्रह देशोदेशीं पांगला. तथापि मुथेसिउसचीं रेखाचित्रें व प्रासादाचीं छायाचित्रें उरलीं होतीं; म्हणून २०१९ सालीं पॅरिसच्या शोभाकला संग्रहालयास या संग्रहाचें मोठें प्रदर्शन भरवितां आलें आणि कोणती वस्तु कोणत्या दालनांतील हें दाखवितां आलें.

यावरून निघणारा सिद्धान्त असा : आसनास कलाकृति मानणें आम्हांस नवें नाहीं, परंतु स्थान, कर्ता व बसणारा यांपासून तुटलेलें आसन शोभेची वस्तु होतें, साधन राहत नाहीं. वराहदेवाचें लेणें लेखामुळें बोलतें, माणिकबागेच्या खुर्च्या चित्रांमुळें बोलतात. मराठवाड्यांतील जुन्या वाड्यांतले चौरंग, बाजा, झोंपाळे व शिसवी खुर्च्या मात्र वाडा पाडतांना जुन्या बाजारांत जातात, आणि त्यांजबरोबर त्यांची हकीगतहि जाते. वस्तु विकली जाणें पुष्कळदां टळत नाहीं. नोंद करणें आपल्या हातीं आहे. लांकूड कोणतें, सांधा कसा, घडविणारा कोणत्या गांवचा, ती कोणत्या सोप्यांत मांडलेली असे, तिजवर कोण बसे व कोणास बसण्याची मुभा नसे, एवढ्या पांच गोष्टी छायाचित्रासह लिहून ठेवाव्या. शेवटची गोष्ट सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. म्हणून अभ्यासकांनीं आरंभ तेथूनच करावा, अशी आमची विनंती आहे.