अळंबी, बुद्धिपूरक
स्मरण व एकाग्रतेसाठी भुकटी, अर्क किंवा कॅप्सूलच्या रूपात घेतली जाणारी औषधी अळंबी. यांत हेरिसियम एरिनेसियस (लायन्स मेन) प्रमुख. लोंबत्या पांढऱ्या काट्यांमुळे ती सिंहाच्या आयाळीसारखी दिसते. जपानमध्ये कावागिशी व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तिच्या छत्रातून हेरिसिनोन, तर १९९४ मध्ये कवकजालातून एरिनासिन ही संयुगे वेगळी केली. प्रयोगशाळेत ती पेशींमधील चेतावृद्धी घटकाची निर्मिती वाढवतात. २००९ च्या जपानी चाचणीत सौम्य विस्मरणाच्या ३० रुग्णांपैकी निम्म्यांना १६ आठवडे रोज ३ ग्रॅम भुकटी दिली. त्यांचे बौद्धिक चाचणीतील गुण सुधारले, मात्र भुकटी थांबवल्यावर ४ आठवड्यांत घसरले. चाचणी लहान असल्याने निष्कर्ष प्राथमिकच मानावा लागतो.

बेळगाव-निपाणी सीमाभागात अळंबी म्हणजे पावसाळी रानभाजी. खानापूर-जांबोटीच्या रानात वारुळांवर उगवणारी टर्मिटोमायसिस ही वेगळी प्रजाती. वाळवी वारुळात पालापाचोळ्यावर तिचे कवकजाल जोपासते. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजणारी ही भाजी पौष्टिक आहे. तिला बुद्धिवर्धक म्हणण्यास आधार नाही. बुद्धीसाठी इथला पारंपरिक आधार ब्राह्मीचा. विषारी छत्र्या खाद्य अळंबीसारख्याच दिसू शकतात, म्हणून अनोळखी अळंबी खाऊ नये. नियमित औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच पूरके घ्यावीत.