तहसीलदार

तहसीलदार हा तालुक्याच्या महसुली प्रशासनाचा प्रमुख अधिकारी होय. ‘तहसील’ हा मूळचा अरबी शब्द असून मिळवणे, वसूल करणे हा त्याचा अर्थ आहे. त्याला ‘धारण करणारा’ या अर्थाचा ‘दार’ हा फारसी प्रत्यय लागून वसुलीचे काम सांभाळणारा तो तहसीलदार, असा शब्द सिद्ध झाला. ‘महसूल’ व ‘हशील’ हे शब्दही त्याच अरबी धातूपासून आलेले आहेत. ‘त्यात काय हशील?’ या प्रश्नात मुळात ‘त्यातून हाती काय पडणार?’ हेच विचारलेले असते. जुन्या ग्रंथांच्या जाहिरातींतील ‘टपाल हशील’ही याच कुळातले. ‘वसूल’ मात्र, उच्चारात जवळचा वाटला तरी, निराळ्या धातूचा आहे.

क्रियेचे नाव पुढे प्रदेशालाही मिळाले व वसुलीच्या मुलखाला ‘तहसील’ म्हणू लागले. विदर्भ व मराठवाड्यात हा शब्द रुळला. मुंबई इलाख्यात ‘तालुका’ व ‘मामलेदार’ चालत. ‘मामला’ म्हणजे कारभार. त्यामुळे या दुसऱ्या नावात वसुलीचा निर्देशच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ‘तहसीलदार’ ही संज्ञा आहे. गोव्यात मामलेदार अद्याप आहेत. ठाण्यात ते नाव आता मुख्यतः मिसळीमुळे लोकांच्या तोंडी आहे.

नवी मुंबईतील वाशी, नेरूळ, बेलापूर हे भाग ठाणे तालुक्यात मोडतात. पनवेल व उरण हे रायगड जिल्ह्यातील स्वतंत्र तालुके आहेत. शहरातील मालमत्ता कर महानगरपालिका घेते, तहसीलदार नव्हे. विद्यार्थ्यांचा त्याच्या कार्यालयाशी संबंध येतो तो बहुधा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी.